सही चित्रामागे का गेली?

खाजगी संग्रहातून एखादे जुने तैलचित्र बाहेर येते. कोनाकोनांत दुभंगलेली मानवाकृती, करडे आणि तपकिरी रंग. कोपऱ्यात सही मात्र नाही. पाहणारा लगेच म्हणतो, नक्कल असावी. घनवादाच्या बाबतीत हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

१९०८ ते १९१४ या काळात पॅरिसमध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक एकमेकांची चित्रे सतत पाहत, पारखत. त्या वर्षांतील बहुतेक चित्रांच्या दर्शनी बाजूस त्यांनी सही केलीच नाही. केली ती कॅनव्हासच्या पाठीवर. चित्रातून चित्रकाराचा व्यक्तिगत ठसा पुसून टाकावा, अशी ती धारणा होती, असे ब्राकने पुढे सांगितले. सगळेच घनवादी असे वागत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. ग्लेझ, मेत्सँजे ही मंडळी सार्वजनिक प्रदर्शनांत चित्रे मांडत आणि समोर ठळक सही करत. म्हणून सही नाही एवढ्यावरून ‘पिकासो सापडला’ असे म्हणणे निव्वळ भाबडेपणा होय.

या दोघांचा विक्रेता होता दानिएल-हेन्री कानवायलर. १९०७ साली पॅरिसमध्ये दालन उघडणारा हा तरुण जर्मन नागरिक होता, आणि तेच त्याला भोवले. १९१४ साली महायुद्ध पेटताच फ्रेंच सरकारने त्याचा साठा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. १९२१ ते १९२३ दरम्यान ओतेल द्रुओ येथे चार लिलावांत शेकडो चित्रे विकली गेली. एकदम इतका माल आल्याने भाव कोसळले. लिलावाचा तज्ज्ञ लेओन्स रोझेनबर्ग याच्यावर संतापलेल्या ब्राकने हात उगारला, तो उगाच नव्हे! चित्रे नाना देशांतील खाजगी घरांत पांगली.

अशा चित्राचा माग काढायचा तर ते उलटे करावे लागते. कानवायलर आपल्या मालाला क्रमांक देई, मागे चिठ्ठी लावी, छायाचित्रे काढवून घेई. पण जीर्ण कॅनव्हासला आधार म्हणून मागून नवे कापड चिकटवले, की पाठीवरची सही आणि खुणा त्याखाली गाडल्या जातात. चित्र वाचते, त्याचा पुरावा झाकला जातो. उलट, काही चित्रांवर चित्रकारांनी अनेक वर्षांनी समोरून सही केली. तेव्हा १९११च्या चित्रावर समोर सही दिसली, तर ती नेमकी कधीची, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.