खिरापतीचा डबा

मी 1978 साली लग्न होऊन केळापूरला आले. जगदंबेच्या देवळामुळे गाव दूरवर माहीत, पण तालुक्याची कचेरी-बाजाराची कामं पांढरकवड्याला. तिन्हीसांजेला दिवे लागले की घराघरांतून पाढ्यांचा सूर निघे. पावकी, निमकी, दिडकी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मात्र पाढे लवकर आटोपत, कारण पोरींना भुलाबाईला जायचं असे.

पुण्याकडे भोंडला, तशी आमच्या विदर्भात भुलाबाई. मातीची भुलाबाई आणि शेजारी भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकरच. त्यांच्यापुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. ती कोणी आयती हातावर ठेवत नसे, ओळखावी लागे. बंद डबा कानाशी धरून हलवायचा. फुटाणे खडखडत, लाह्या नुसत्या सळसळत, शिरा मुळीच वाजत नसे. मग झाकणाच्या फटीला नाक लावायचं. एक चुकली की डबा दुसरीकडे, पण ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. या घरून त्या घरी, असा अख्खा महिना. वाट पाहणं हा मुलांच्या खेळाचाच भाग होता. वर्गात मी तीस वर्षं शिकवलं, पण हे मला इतकं सोपं करून शिकवता आलं नाही.

25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, त्यामुळे त्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा पडद्यानं माणसं जमवली. पुढे घरोघरी टीव्ही आला, संध्याकाळच्या मालिका आल्या आणि ऐन भुलाबाईच्या वेळेला बायकाच उंबरठा ओलांडेनाशा झाल्या. ती संध्याकाळ पोरींच्या आधी आम्ही मोठ्यांनी सोडली. दोष नेहमी पोरांवर जातो, म्हणून हे लिहून ठेवते.

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. कापसाच्या पैशातून, काहींनी तर उधारीवर, बापांनी फोन घेतले. रेंजसाठी मुलं धुऱ्यावर जाऊन बसत. ‘फोन घ्या’ असं आम्ही शिक्षकच घरोघरी सांगत होतो. शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. माझा नातू आठवीत आहे. रात्री माझ्या चपलांचा आवाज आला की त्याच्या पांघरुणातला उजेड विझतो.

2022 साली दोन गावांनी यावर आपापला इलाज केला. आमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबरमध्ये ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंद, मोडल्यास 200 रुपये दंड. त्याआधी 15 ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठेही पडदा बाजूला ठेवतात.

बान्सीची तळमळ मला समजते. पण मला वडगावची रीत पटते, कारण तो भोंगा आईबापांसाठीही वाजतो.

शेजारची एक आई परवा म्हणाली, “बाई, पोट्टं आयकतच नाही न माह्यं. जेवतानाही मोबाइल पाह्यजे.” मी विचारलं, “अन् तू जेवताना काय पाहतेस?” ती गप्प झाली. पण गेल्या भाद्रपदात पोरीला घेऊन माझ्याकडे भुलाबाईला आली. दारात टोपली ठेवली होती, तिच्यात पहिला फोन मी टाकला, दुसरा तिनं. सात-आठ पोरी जमल्या. सहावीतल्या एकीनं डबा कानाशी धरला, हलवला, डोळे मिटले, पुन्हा हलवला. बाकीच्या श्वास रोखून बसल्या होत्या. “मुरमुरे!” ती ओरडली. लाह्या होत्या. डबा पुढे गेला.

यंदाही भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई मांडणार आहे. संध्याकाळी सातला या. मुलगेही चालतील. आईबापांनी सोबत यावं आणि आपला फोन टोपलीत आधी ठेवावा.