बोट, पीस आणि पारा

आजचा प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. कोंबडीची पिसं काढण्याआधी तिला गरम पाण्यात बुडवतात. त्या पाण्यासाठी थर्मामीटर कोणता घ्यावा? पण या प्रश्नामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

घरी एक गावठी कोंबडी करायची तर थर्मामीटर लागत नाही. पाणी तापवायचं, पायाला धरून कोंबडी बुडवायची, पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं. सहज आलं, की झालं. पण पन्नास कोंबड्या असतील तर? दर वेळी पाणी थोडं निवतं, आपण जाळ वाढवतो आणि पुढच्या कोंबडीची कातडी शिजून पिसांबरोबर फाटते. बोट बुडवून हे कळत नाही. साधारण ४५ अंशांच्या पुढे बोटाला फक्त चटका कळतो. पाणी ५२ अंश आहे की ६०, हे ते सांगू शकत नाही.

आणि नेमका फरक तिथेच पडतो. ५० ते ५३ अंशांत दोनेक मिनिटं धरली, तर पिसं सैल होतात आणि कातडीचा वरचा पातळ थर टिकतो. ६०च्या आसपास काम झटपट होतं, पण तो थर निघून जातो. मग कातडी हवेवर सुकते, तिचा रंग बिघडतो. विकायच्या मालाला हे परवडत नाही.

हा फरक भरवशानं दाखवणारा पाऱ्याचा थर्मामीटर फॅरनहाइटनं १७१४च्या सुमारास बनवला. सेल्सिअसची शंभर अंशांची पट्टी आली १७४२ साली. गंमत म्हणजे त्याच्या पट्टीवर उकळतं पाणी शून्यावर होतं आणि बर्फ शंभरावर! ती नंतर उलटी केली गेली.

मग घरातला तापाचा थर्मामीटर का चालत नाही? तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो. ६० अंशांच्या पाण्यात पाऱ्याला चढायला जागाच उरत नाही, काच फुटते आणि पारा सरळ खाण्याच्या वस्तूत. २०१३च्या मिनामाता करारानं असे पाऱ्याचे थर्मामीटर बंद करायचं ठरवलं, ते काही उगाच नाही.

उरले दोन. तबकडीचा, म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी तापून वळते आणि काटा फिरवते. ही जोडपट्टी १८व्या शतकात जॉन हॅरिसननं घड्याळासाठी वापरली. हा दणकट, पण सावकाश, आणि त्याची दांडी काही सेंटिमीटर बुडायला हवी. दुसरा इलेक्ट्रॉनिक. तापलं की विजेला होणारा विरोध कमी होतो, हे फॅरडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिलं होतं. याचं टोक बुडालं तरी पुरतं, आकडाही लवकर दिसतो. पाणी सारखं बदलत असताना मी हाच घेईन. दशांशाची चैन नको. एका अंशाची खात्री पुरे.

ती खात्री कशी करायची? बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, बघा. मग उकळत्या पाण्यात. पण हे महाबळेश्वरला केलंत, तर सुमारे १३५० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे थर्मामीटर बिघडलेला नाही! हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे फॅरनहाइटच्याच लक्षात आलं होतं.

आणि हो, थर्मामीटर घेतलात तरी पीस ओढून बघायचं सोडू नका. थर्मामीटर पाण्याचं सांगतो, कोंबडीचं पीसच सांगतं.