सिद्दी : आफ्रिकी मुळांचा भारतीय समाज

पूर्व आफ्रिकेतून गुलाम, सैनिक व खलाशी म्हणून शतकानुशतके भारतात आलेल्या, बहुतांशी आणल्या गेलेल्या, लोकांचे वंशज म्हणजे सिद्दी. त्यांच्यासाठी रूढ असलेला ‘हबशी’ हा शब्द इथिओपियाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला.

मराठी वाचकाला सिद्दी आठवतात ते जंजिऱ्यामुळे. किंवा बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीची सूत्रे हाती घेणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) याच्यामुळे. या सत्ताकथांच्या झगमगाटात बहुसंख्य सिद्दींचा इतिहास झाकोळला जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. तेथून निसटलेल्यांनी रानाचा आसरा घेतला, असे मानले जाते. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मीय आहेत आणि घरची बोली कोकणी वळणाची आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा त्यांना २००३ मध्ये मिळाला. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले.

पूर्वजांच्या भाषा लोपल्या. नेमके गाव कोणते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेल्या सिद्दींना परक्या शहरात ‘कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते. गुजरातेत, गीरलगतच्या जांबूरसारख्या गावांत, ढोलाच्या तालावरचे ‘गोमा’ नृत्य टिकून आहे. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि नृत्यही.