नाक, कुपी आणि आकडा : महाराष्ट्रातील नशा-चाचणीचा इतिहास

१/ रात्री हिंगोलीच्या रस्त्यावर नाकाबंदीत ट्रक थांबतो. पोलीस चालकापुढे नळी धरतात, चालक फुंकतो आणि काही क्षणांत यंत्रावर आकडा उमटतो. या साध्या कृतीमागे सत्तर वर्षांचा वाद उभा आहे : माणसाच्या शरीरालाच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे करण्याचा अधिकार राज्याला केव्हा मिळतो?

२/ १६ जून १९४९ रोजी मुंबई दारूबंदी अधिनियम अमलात आला. दारूबरोबरच अफू, गांजा, भांग हेही त्याच्या कक्षेत होते. हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. हा कायदा तिथे लागू नव्हता.

३/ कायदा कडक, पुरावा मात्र दुबळा. मद्यप्राशन सिद्ध करायचे तर तोंडाचा वास, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळती चाल आणि बरळणे एवढ्यावरच भिस्त असे. पंच, पोलीस आणि डॉक्टर यांचे नाक हेच त्या काळचे मुख्य उपकरण होते.

४/ २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. पण मद्यार्क असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांवरील बंदी रद्द केली. परिणामी वास आला तरी तो दारूचा की औषधाचा, हा प्रश्न उभा राहिला.

५/ अवघ्या चार दिवसांनी, २९ मे रोजी, कुलाबा भागात एका जीपने तिघांना धडक दिली. चालक स्वतःच प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. ‘बी. जी. फॉस’ हे मद्यार्कयुक्त औषध घेतल्याचा बचाव त्यांनी मांडला. हाच तो पेसिकाका खटला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निषिद्ध दारूच घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. आरोपी निर्दोष सुटले.

६/ सरकारने उत्तर दिले ते १९५९ च्या १२ व्या अधिनियमाने. या एकाच कायद्याने दोन गोष्टी घडल्या. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्याला, म्हणजे हिंगोलीलाही, दारूबंदी कायदा लागू झाला. आणि त्याच कायद्यात रक्तचाचणीची कलमे आली.

७/ आता आकडा ठरला : रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क. तेवढा किंवा त्याहून अधिक आढळला, तर तो औषधातून आला हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. पेसिकाका निकालाने सरकारवर टाकलेला भार अशा रीतीने दुसऱ्या खांद्यावर गेला.

८/ १९५९ चे नियम बारकाईने वाचण्याजोगे आहेत. पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची; त्वचा निर्जंतुक पाण्यानेच पुसायची; स्पिरिटचा स्पर्शही नको, नाहीतर पुसण्याचाच मद्यार्क पुराव्यात मिसळायचा! शिरेतून किमान ५ घन सेंटिमीटर रक्त काढून ते कुपीत भरायचे आणि टोपणावर लाखेची मोहोर लावायची.

९/ विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा कलम १२९-अ ने दिली. मात्र एक अट कायम राहिली : त्या व्यक्तीने नशा केली आहे असे मानण्यास वाजवी कारण हवे. आधी संशय, मग सुई.

१०/ राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने काठी कालू ओघड खटल्यात सांगितले, की बोटांचे ठसे देणे म्हणजे ‘साक्ष देणे’ नव्हे. शरीराचा नमुना आणि मनातील माहिती यांच्यात तेव्हा रेषा आखली गेली.

११/ खुद्द कुपीचा कस लागला तो खानदेशात. एप्रिल १९६१ मधील एका प्राणघातक मोटार अपघाताचे प्रकरण जळगावच्या सत्र न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. रक्त काढल्यावर कुपी नीट मोहोरबंद होती का, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, हे कळीचे प्रश्न ठरले. १९६३ च्या या उखा कोल्हे निकालात बहुमताने म्हटले, की १२९-अ हा रक्तातील मद्यार्क सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नव्हे.

१२/ १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने त्याहून खालची मर्यादा आली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सुईच्या जागी श्वासाची नळी आली. पण कलम २०३ मध्येही ‘संशयास वाजवी कारण’ ही अट टिकून आहे.

१३/ संशयाविना, चिठ्ठी काढल्यासारखी चाचणी करण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन १६ जण दगावले. इंजिनचालकाने गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. १९९१ च्या कायद्याने ट्रक, बस, रेल्वे आणि विमान कर्मचाऱ्यांची अशी चाचणी सक्तीची केली. बोटचालकांसाठी तेथील तटरक्षक दलाचे नियम त्याआधीच, १९८८ मध्ये आले होते.

१४/ भारतात ही पद्धत नागरी विमान वाहतुकीत आली. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील किमान १० टक्के जणांची दरवर्षी यादृच्छिक चाचणी बंधनकारक झाली.

१५/ रस्त्यावर मात्र पेच कायम आहे. मद्यार्काला आकडा आहे, गांजा-अफूला नाही. त्यांच्याबाबत कलम १८५ एवढेच विचारते, की चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होता का. आणि लघवीतील गांजाचा अंश नशा उतरल्यानंतरही अनेक दिवस दिसतो; ‘कधीतरी घेतला’ आणि ‘आत्ता नशेत आहे’ यांतील फरक तो सांगत नाही.

१६/ रस्त्यावरून जाणाऱ्याला सुरक्षित घरी पोहोचण्याचा हक्क आहे आणि चालकाला खोट्या ठपक्यापासून संरक्षणाचा. लाखेची मोहोर होती ती या दोघांसाठीही. नवे यंत्र येईल, नवा आकडा ठरेल. त्या मोहोरेइतकी काटेकोर शिस्त त्यामागे नसेल, तर न्यायाची गाडी पुन्हा १९५१ च्या नाकापाशीच येऊन थांबेल.