सोयाबीनचा चिकट गाळ आणि पेशीचा निरोप

आजची गोष्ट चिखली-मेहकरच्या सोयाबीनपासून निघते आणि कॅन्सरच्या गोळीपर्यंत जाते. मध्ये एक कबुतर येतं, आणि चक्क जमालगोटाही. ऐकत राहा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बुलडाणा जिल्ह्यात फिरलात, तर शेताशेतात सोयाबीनच्या सुड्या दिसतात. मग मळणी, अडत आणि पुढे तेलाची मिल. तिथं कच्च्या तेलात थोडं गरम पाणी मिसळलं की एक चिकट गाळ वेगळा होतो. तो वाळवला की लेसिथिन तयार. चॉकलेटच्या पाकिटावर ‘सोया लेसिथिन’ लिहिलेलं असतं ना, तेच हे.

लेसिथिन म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडं. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून ते आपोआप दुहेरी रांगेत उभे राहतात, आणि पेशीभोवतीचं आवरण बनतं. लेसिथिन हे नाव फ्रेंच रसायनतज्ज्ञ थिओडोर गॉब्ली यांनी १८५० मध्ये दिलं, अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या ग्रीक शब्दावरून. पुढची शंभर वर्षं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं, ही फक्त भिंत आहे. भिंत कशाला बोलेल?

१९५३ मध्ये भिंत बोलली. कॅनडात मॉन्ट्रियलला लोवेल आणि मेबल होकिन हे जोडपं कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर प्रयोग करत होतं. नसांकडून येणारं असिटिलकोलीन त्यांनी त्यावर टाकलं, तर पेशींमधल्या फॉस्फोलिपिडांत किरणोत्सारी फॉस्फरस भराभर शिरू लागला. म्हणजे बाहेरून निरोप आला की भिंतीच्या विटा बदलत होत्या! पुढे कळलं, यात मुख्य भूमिका फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉलची, थोडक्यात पीआयची. हाच पीआय आपल्या सोयाबीनच्या गाळातही असतो.

पण हे का होतं, ते उलगडायला तीस वर्षं लागली. १९७५ मध्ये ब्रिटनच्या बॉब मिशेल यांनी याचा संबंध कॅल्शियमशी जोडला. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पीआयपासून बनलेल्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. एक तुकडा, आयपी-३, आत जाऊन साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो. दुसरा, डीएजी, आवरणातच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सी नावाचं एन्झाइम जागं करतो. हे एन्झाइम जपानमध्ये कोबेच्या यासुतोमी निशिझुका यांनी शोधलेलं. ‘वाढ, विभाग’ हा हुकूम असाही पुढे सरकतो.

आता जमालगोटा. उंदरावर आधी कॅन्सरकारक रसायन लावून नंतर जमालगोट्याचं तेल वारंवार लावलं, की गाठी येतात, हे १९४० च्या दशकात माहीत झालं होतं. कारण कळलं १९८२ मध्ये. त्या तेलातली फॉरबॉल एस्टर्स डीएजीची नक्कल करतात. खरा डीएजी काम झालं की लगेच पुसला जातो. नक्कल मात्र टिकून राहते, आणि हुकूम चालूच राहतो.

या सगळ्या इतिहासाचं सार मला इथंच दिसतं. निरोप देण्याइतकंच निरोप पुसणंही महत्त्वाचं. अमेरिकेत लुईस कॅन्टली यांच्या गटाने पीआयवर वेगळ्या जागी फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम शोधलं, पीआय-३-कायनेज. ते फॉस्फेट काढून टाकणारा पीटेन १९९७ मध्ये सापडला. अनेक गाठींमध्ये पहिलं अतिउत्साही झालेलं असतं, नाहीतर दुसरा बिघडलेला असतो.

म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकेत अल्पेलिसिब या गोळीला मंजुरी मिळाली. ती काही विशिष्ट स्तनकॅन्सरांसाठी आहे, आणि त्याआधी त्या एन्झाइमच्या जनुकात बिघाड आहे का, याची तपासणी लागते. पण गोळी घेताना रक्तातली साखर वाढते, कारण इन्सुलिनचा निरोपही याच वाटेने जातो. वाट एकच, तिच्यावर वाढही चालते आणि रोजचं जगणंही.

आणि हो, लेसिथिन खाल्लं म्हणून पेशी वाढतील किंवा कॅन्सर होईल, असा अर्थ काढू नका. पोटात त्याचे तुकडे होतात. पेशी आपला निरोप स्वतःच तयार करते.

पुढच्या वेळी मिलबाहेर तो पिवळट गाळ दिसला, तर नाक मुरडू नका. भेटू पुढच्या भागात!