ला व्हेंता

मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातील ऑल्मेक संस्कृतीचे प्रमुख प्राचीन स्थळ. मेक्सिकोच्या आखातापासून सुमारे १५ किमी. आत, तोनाला नदीजवळच्या दलदलीत थोड्या उंचवट्यावर ते वसले आहे. सान लोरेन्सो या आधीच्या ऑल्मेक केंद्राला उतरती कळा लागल्यावर, साधारणपणे इ. स. पू. ९०० ते ४०० या काळात, ला व्हेंता भरभराटीस आले.

भोवताली गाळ, पाणी आणि दाट झाडी. शिल्पाजोगा दगड जवळपास नाही. तरीही येथील पाषाणशिल्पे प्राचीन अमेरिकेतील श्रेष्ठ कलाकृतींत मोडतात. बेसाल्टचे प्रचंड खंड सुमारे १०० किमी. वरील तुस्तला पर्वतातून आले, तर जेड थेट ग्वातेमालातील मोताग्वा खोऱ्यातून. ऑल्मेकांकडे गाड्या, ओझी ओढणारी जनावरे किंवा धातूची हत्यारे नव्हती. हे खंड काही अंतर नदीतून तराफ्यांवर आणि उरलेले अंतर दोर लावून माणसांनीच ओढून आणले असावेत, असे अभ्यासक मानतात.

नगराची आखणी उत्तर दिशेपासून सुमारे ८ अंश पश्चिमेकडे कललेल्या अक्षावर केलेली आहे. मध्यभागी मातीचा भव्य पिरॅमिड आहे. त्याची उंची ३० मी. हून अधिक असून त्यात अंदाजे १ लाख घनमीटर भराव आहे. पिरॅमिडच्या उत्तरेस बेसाल्टच्या नैसर्गिक स्तंभांचे कुंपण असलेले आवार होते. धार्मिक विधी तेथे होत असावेत.

ऑल्मेकांची आजवर सापडलेली महाकाय मस्तके एकूण १७. त्यांपैकी ४ ला व्हेंता येथील आहेत. या चारांतील सर्वांत मोठ्याची उंची २.४ मी. आहे. जाड ओठ, रुंद नाक, डोक्याला घट्ट बसलेले शिरस्त्राण ही वैशिष्ट्ये सगळ्यांत दिसतात, पण चेहरे एकमेकांसारखे नाहीत. प्रत्येकाचे भाव वेगळे, शिरस्त्राणावरील चिन्हेही वेगळी. म्हणूनच ती विशिष्ट राज्यकर्त्यांची व्यक्तिशिल्पे मानली जातात. ‘वेदी’ म्हणून ओळखले जाणारे चौकोनी शिलाखंड प्रत्यक्षात राजासने असावीत. वेदी क्र. ४ वर कोनाड्यातून बाहेर येणाऱ्या पुरुषाच्या हाती दोर असून त्याच्या माथ्यावर जॅग्वारचा जबडा कोरलेला आहे. क्र. ५ वरील पुरुषाच्या हातांत निश्चल बालक आहे, तर त्याच शिळेच्या बाजूंवरील बालके मात्र सळसळती, चळवळी दाखवली आहेत.

येथील कलेचा मोठा भाग कोणी पाहावा म्हणून घडवलेलाच नव्हता. सर्पेंटाईन या हिरव्या दगडाच्या सुमारे ४८५ लाद्या जोडून केलेली एक चित्रफरशी तयार होताच मातीखाली पुरण्यात आली. अशा तीन फरशा सापडल्या आहेत. काही खोल खड्ड्यांत तर शेकडो टन सर्पेंटाईन थरावर थर रचून झाकलेले आढळले.

१९५५ मध्ये मिळालेला अर्पणसंच क्र. ४ या परंपरेचा सर्वांत बोलका नमुना होय. त्यात १६ लहान मानवी मूर्ती आणि जेडच्या कुऱ्हाडपात्यांसारख्या ६ उभ्या शिळा आहेत. खरबरीत दगडाची एक मूर्ती शिळांकडे पाठ करून उभी आहे आणि इतर मूर्ती तिच्याभोवती जमल्या आहेत. पुरल्यानंतर काही काळाने वर घातलेले जमिनीचे थर भेदून नेमका याच जागी खड्डा खणला गेला, मूर्तींची डोकी दिसेपर्यंतच; मग तो पुन्हा बुजवला गेला. पुरलेल्या संचाची जागा पुढच्या लोकांना अचूक ठाऊक होती.

फ्रान्स ब्लोम आणि ऑलिव्हर ला फार्ज या संशोधकांनी १९२५ मध्ये येथील शिल्पांची नोंद घेतली. १९४० च्या दशकात मॅथ्यू स्टर्लिंग यांनी उत्खनन केले. ऑल्मेक संस्कृती माया संस्कृतीच्या आधीची की नंतरची, हा वाद तेव्हा पेटला होता. मेक्सिकोतील आल्फोन्सो कासो व मिगेल कोव्हारुबियास यांनी ती आधीची असल्याचे ठासून सांगितले; १९५५ च्या उत्खननातील कोळशाच्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनाने त्यांच्या मताला बळ मिळाले. येथे सापडलेल्या शिल्प क्र. १९ वर बसलेल्या पुरुषामागे तुरेदार सर्प वळसा घालून उभा आहे. पुढे मध्य अमेरिकेत पूज्य ठरलेल्या पिसांच्या सर्पाचे हे सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक समजले जाते.

१९५० च्या दशकात तेलउद्योगामुळे स्थळाला धोका निर्माण झाला. कवी कार्लोस पेयिसेर यांच्या पुढाकाराने मोठी शिल्पे ताबास्कोची राजधानी व्हियाएर्मोसा येथे हलवण्यात आली आणि १९५८ मध्ये तेथे तलावाकाठी खुले उद्यान-संग्रहालय सुरू झाले. महाकाय मस्तके व वेद्या आज तेथे झाडांच्या सावलीत पाहता येतात. अर्पणसंच क्र. ४ आणि शिल्प क्र. १९ मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात आहेत. मूळ जागी पिरॅमिड, मातीचे चौथरे, शिल्पांच्या प्रतिकृती आणि एक लहान संग्रहालय आहे.