नामकरणाचे संकेत : जालना जिल्ह्यातील ग्रामनामे व संगणकीय मॉड्यूलची नावे – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
एकाच नावाच्या अनेक गोष्टी जेथे एकत्र नांदतात, तेथे नामकरणाचा संकेत ठरविणे अपरिहार्य होते. संगणकाची मोठी आज्ञावली अनेक लहान घटकांची, म्हणजेच मॉड्यूलची, बनलेली असते. त्यांना नावे कशी द्यावीत, हा केवळ तांत्रिक प्रश्न मानला जातो. तथापि हाच प्रश्न महसुली व डाक व्यवस्थेने फार पूर्वी हाताळला आहे. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील ग्रामनामांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्यात आला आहे.

ग्रामनामांतील भेददर्शक पदे :
मराठवाड्यात पिंपळगाव, सावंगी, अंतरवाली ही नावे वारंवार आढळतात. भेद दाखविण्यासाठी लोकांनी त्यांना दुसरे पद जोडले. पिंपळगाव रेणुकाई या नावात देवता आहे, पिंपळगाव कोलते यात कुलनाम आहे, तर कुंभार पिंपळगाव यात व्यवसायवाचक पद आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. घनसावंगी व वालसावंगी, अंतरवाली सराटी व अंतरवाली टेंभी ही उदाहरणेही याच प्रकारची होत. महाराष्ट्रभर रूढ असलेली बुद्रुक व खुर्द ही पदे फारसीतून आली असून त्यांचा अर्थ अनुक्रमे थोरले व धाकटे असा आहे.

सी या संगणकभाषेत नावांचे स्वतंत्र विभाग करण्याची सोय नाही. त्यामुळे एका संचातील सर्व नावांच्या आरंभी समान खूण जोडण्याची प्रथा पडली. 'कुंभार' हे पद पिंपळगावसाठी जे कार्य करते, तेच ही खूण करते.

पत्त्याची उतरंड :
भेददर्शक पदही अपुरे पडते, तेव्हा तालुका व जिल्हा सांगावा लागतो. आष्टी परतूर तालुक्यात आहे आणि बीड जिल्ह्यातही आहे. अंबड जालना जिल्ह्यात आहे, तसेच नाशिकजवळही आहे. मु. पो., ता., जि. हा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जातो. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावा भाषेने पॅकेजच्या नावासाठी संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलट्या क्रमाने लिहिण्याचा संकेत स्वीकारला. येथे मोठे आधी व लहान नंतर येते. क्रम भिन्न असला तरी तत्त्व एकच आहे.

या पद्धतीची मर्यादा अशी की, उतरंडीतील वरची पायरी बदलली म्हणजे खालची सर्व नावे बदलतात. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. पुढे घनसावंगी तालुका झाला. परिणामी जुन्या ग्रंथांतील 'जांब, ता. अंबड, जि. औरंगाबाद' हे आज 'जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना' आहे. गाव जागचे हलले नाही, पत्ता मात्र दोन ठिकाणी बदलला. २०२३ मध्ये औरंगाबादचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले.

संगणकाच्या जगातही असेच घडले. जावाच्या उद्योगविषयक संचाची जबाबदारी ओरॅकल कंपनीकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली. 'जावाएक्स' हे नावाचे आद्यपद पुढील विकासासाठी वापरण्याबाबत उभयतांत एकमत झाले नाही. २०२० मध्ये ते बदलून 'जकार्ता' करावे लागले आणि त्यावर आधारित आज्ञावलींतील असंख्य ओळी बदलणे भाग पडले. याउलट सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली, तरी तिचे नाव असलेली काही पॅकेजेस जावात कायम राहिली. पहिल्या प्रकारात श्रम खर्ची पडले, तर दुसऱ्यात नाव आणि वस्तुस्थिती यांची फारकत झाली.

क्रमांकाचा मार्ग :
१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धती हा यावरील एक उपाय होय. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही बाब लक्षणीय आहे. शब्दांच्या जाणकारानेच समान ग्रामनामांच्या गोंधळावर अंकांचा उपाय शोधला. मात्र जालन्याचा ४३१२०३ हा क्रमांक डाकघराचा आहे. गावनिहाय ओळखीसाठी २०११ च्या जनगणनेत सहा अंकी संकेतांक वापरण्यात आले. वाहनांच्या नोंदणीतही एम.एच. २० हा क्रमांक जिल्ह्याच्या नामांतरानंतर कायम राहिला.

तरीही केवळ क्रमांक पुरेसा नाही. त्यावरून गावाचा देव, व्यवसाय वा इतिहास कळत नाही, आणि एक अंक चुकल्यास ती चूक डोळ्यांना दिसत नाही. 'मॉड्यूल १७' या नावावरून वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. पायथॉन भाषेच्या २००१ मधील लेखनसंकेतात मॉड्यूलची नावे लहान व सुटसुटीत ठेवण्याची शिफारस आहे, ती वाचणाऱ्या माणसाचा विचार करूनच.

निष्कर्ष :
१) ओळख पटविण्यासाठी न बदलणारा क्रमांक आणि वाचण्यासाठी अर्थपूर्ण नाव, अशी विभागणी असावी.
२) मालक, विभाग, जिल्हा यांसारख्या बदलणाऱ्या गोष्टी मूळ नावात गुंफू नयेत, त्या स्वतंत्र नोंदवाव्यात.
३) नाव बदलल्यास जुने नाव पुसून न टाकता नव्या नावाशी जोडून जपावे.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. भूमी अभिलेख संगणकावर आले असताना जुन्या व नव्या नावांचा दुवा तुटला, तर १९८१ पूर्वीचे कागदपत्र असूनही ते हाती लागणार नाहीत. म्हणून नामसंकेत ठरविण्याचे काम केवळ संगणकतज्ज्ञांवर न सोपविता त्यात इतिहास व भाषा या विषयांच्या अध्यापकांनी सहभागी होणे आवश्यक आहे.